साखरेच्या दाण्याएवढी चोरी

१

सोमवारी सकाळी पावणेनऊला पिर्ना गावातल्या संशोधन संस्थेत चोरी उघडकीला आली. चोरीला गेलेला माल वजनाने साखरेच्या एका दाण्याएवढा होता, आणि तरी त्यापायी अख्खी इमारत डोक्यावर घेतली गेली.

माल म्हणजे रेटा. प्राध्यापक वीलांड नॉयबर्टचं यंत्र सप्टेंबरपासून न चुकता तेवढा रेटा देत होतं. तांब्याचा एक बंद शंकू आणि त्यात कोंडलेल्या सूक्ष्मलहरी, बस्स. इंधन नाही, धूर नाही, मागे काही फेकणं नाही. नाव पुढे न्यायची तर पाणी मागे लोटावं लागतं, हे शाळकरी पोरालाही कळतं. नॉयबर्ट म्हणत होता, मी नावेत बसून नावेलाच ढकलतो आणि नाव चालते. जाणते लोक हसले. पण निर्वात टाकीत टांगलेल्या तराजूवर वीज सोडली की पडद्यावरची रेघ चढायची, आणि मग हसणं अवघड व्हायचं. अवकाशात अडवायला कुणी नसतं. दाण्याएवढा रेटा वर्षानुवर्षं मिळत राहिला, तर यान कुठल्या कुठे जाईल आणि इंधन बाळगायची कटकटही नाही. वर्तमानपत्रांनी नॉयबर्टचा फोटो पहिल्या पानावर छापला होता.

त्या सोमवारी रेघ चढली नाही. नॉयबर्टने अकरा वेळा वीज सोडली आणि अकराही वेळा रेघ झोपून राहिली.

"कुणीतरी हात मारलाय!" तो बाहेर येऊन ओरडला. "शुक्रवारी दुपारी, सगळे घरी गेल्यावर! चार दिवसांवर पडताळणी समिती आलीय आणि माझा रेटा चोरलाय!"

हे ऐकायला हाइड्रून क्रेचमार तिच्या खोलीच्या दारात उभी होती. वय एकोणसाठ, मापनशास्त्रज्ञ, आणि संस्थेत तंटा झाला की चौकशी करण्याची जबाबदारी दोन वर्षांपासून तिच्याकडे. टाकीतला तराजू तिचा होता. तो बांधायला तिला चौदा वर्षं लागली होती. डासाने श्वास सोडला तरी कळेल असा तराजू तिने केला आणि नॉयबर्टने त्यावर आपला शंकू आणून ठेवला. आयत्या बिळावर नागोबा! फोटोत शंकू होता, नॉयबर्ट होता, नॉयबर्टचा नवा कोट होता. तराजू कडेला अर्धा कापला गेला होता. ते पान हाइड्रूनने कागदाच्या रद्दीत टाकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन परत काढून आणलं होतं.

त्यामुळे रेघ झोपल्याचं ऐकून तिला पहिल्यांदा काय वाटलं, हे कुणी विचारलं असतं तर तिने खोटंच सांगितलं असतं. तिला आनंद झाला होता.

"हाइड्रून, चौकशी तुझ्याकडे," नॉयबर्ट म्हणाला. दोघं विद्यार्थी असल्यापासून एकमेकांना अरेतुरे करायचे. "आणि फार लांब जाऊ नकोस. शुक्रवारी दुपारी उशिरापर्यंत इमारतीत एकच माणूस होतं. फाटकावरची नोंद बघ. इल्का पोल. गुरुवारपर्यंत तुझा अहवाल आला नाही, तर तिला मी तसंच काढून टाकणार. दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत ती पुन्हा पाय ठेवणार नाही, याची सोय करून."

२

इल्का पोल चौतीस वर्षांची होती आणि नॉयबर्टच्या हाताखाली सहा वर्षं काम करत होती. ती समोर येऊन बसली तेव्हा तिने स्वतःच आपल्याविरुद्धचा पुरावा टेबलावर ठेवला. ऑक्टोबरचा शोधनिबंध. पहिल्या मसुद्यात तिचं नाव दुसरं होतं. छापायला गेलेल्या प्रतीत ते शेवटच्या पानावर गेलं होतं, आभाराच्या ओळीत, टाकी पुसणाऱ्या कंपनीच्या खाली.

"म्हणजे राग होता," हाइड्रून म्हणाली.

"होता काय, आहे. तुम्हाला नसता आला?"

हाइड्रूनने आभाराच्या ओळीवर बोट ठेवलं. "नाव का काढलं?"

"माहीत नाही. त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे रिकामी चाचणी मागितली होती. शंकू जोडायचाच नाही, तेवढीच वीज दुसऱ्या कशातून तरी सोडायची आणि रेघ बघायची. तीनदा मागितली. तिसऱ्यांदा म्हणाले, 'पोलबाई, तुमचा विश्वास नसेल तर दार तिकडे आहे.' त्याआधी मला इल्का म्हणायचे."

"शुक्रवारी दुपारी इथे काय करत होतात?"

"माझ्या खोलीत आकडे लावत बसले होते. प्रयोगशाळेत गेलेच नाही."

"शुक्रवारी? एकनंतर?"

"हो, माहितीय. शुक्रवारी एकला इमारत रिकामी, पुढे ज्याचं तो बघतो. पण मला घरी जाऊन काय बघायचंय?"

हाइड्रूनने प्रयोगाची वही मागवली. टाकीवर नॉयबर्टने सप्टेंबरात सहीचे कागद चिकटवले होते, ते जसेच्या तसे होते. म्हणजे आत कुणी हात घातलेला नव्हता. वहीत गुरुवारी संध्याकाळी पाचची नोंद होती, रेघ नेहमीसारखी चढलेली. पुढची नोंद एकदम सोमवारची. दोन्ही पानांवर नॉयबर्टचं टोकदार अक्षर.

"एक विचारू?" जाताना इल्का दारात थांबली. "तुम्हीच चौकशी करताय हे बरंय की वाईट? लोक म्हणतात, क्रेचमारबाईंना त्यांचं यश बघवत नाही."

"लोक बरोबर म्हणतात," हाइड्रून म्हणाली.

३

लोथार उलिग मिस्त्री म्हणजे संस्थेची निर्वात टाकी ज्याच्या जिवावर चालते तो माणूस. त्याच्या कार्यशाळेत प्रत्येक पाना भिंतीवर आपापल्या रंगवलेल्या आकृतीत टांगलेला असायचा, आणि एखादी आकृती रिकामी दिसली की उलिगचा दिवस खराब जायचा. त्याच्याही पोटात नॉयबर्टमुळे दुखत होतं. शंकू घडवायचं काम त्याला न देता बाहेरच्या कारखान्याला दिलं गेलं होतं.

"बाईसाहेब, मी बत्तीस वर्षं तांबं ठोकतोय. तो शंकू बघा, सांधा बघा! माझ्या शिकाऊ पोराने असा सांधा केला असता तर त्याला घरी पाठवलं असतं. पण नाही. प्राध्यापकसाहेबांना चकचकीत हवा होता. फोटोसाठी."

"गुरुवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत प्रयोगशाळेत काय बदललं?"

"काहीच नाही."

"कुणी आलं होतं?"

"कुणी नाही."

"कुणी कशाला हात लावला?"

उलिग दुखावला. "माझ्या टाकीला? माझ्या परवानगीशिवाय? बाईसाहेब, तिथे माशी बसली तरी मला सांगून बसते."

हाइड्रूनने तिन्ही उत्तरं लिहून घेतली. उलिग खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. तिची पंचाईत हीच होती की त्याची तिन्ही उत्तरं प्रामाणिक होती. आत काही बदललं नाही, बाहेर काही बदललं नाही, आणि तरी रेटा गेला. मग उरली फक्त इल्का, आणि उरलेल्या माणसाला चोर म्हणणं किती सोपं असतं ते तिला ठाऊक होतं.

"मिस्त्री, तुम्हाला काय वाटतं, इल्काने केलं असेल?"

"ती पोरगी? ती हातमोजे घातल्याशिवाय टाकीच्या खोलीत जात नाही." उलिगने फडक्याला हात पुसले. "चोर असेल कशी? पण शेजारच्या खोलीतल्या साहेबांना विचारा. ते सोमवारपासून शीळ घालत फिरतायत."

४

शेजारच्या खोलीत प्राध्यापक फाल्क रादेमान खरोखरच शीळ घालत होता. त्याचं कामही इंधनाशिवाय चालणाऱ्या यानाचंच, पण वेगळ्या रस्त्याने. केसापेक्षा पातळ पत्र्याचं शीड अवकाशात उघडायचं आणि त्यावर ऊन पडू द्यायचं. उन्हाचा रेटा फार कमी, पण तो खरा, आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. वाद नाही म्हणून बातमीही नाही. नॉयबर्टचा शंकू गाजल्यापासून रादेमानच्या शिडाचे निम्मे पैसे शंकूकडे वळले होते.

"या, या, हाइड्रूनबाई! मला बेड्या आणल्यात का?" त्याने दह्याच्या केकचा तुकडा पुढे केला. "घ्या. आज वाढदिवस नाही, उगीच आणलाय."

"तुम्हाला फार आनंद झालेला दिसतोय."

"झालाय ना. लपवू कशाला? मी बावीस वर्षं शीड शिवतोय आणि मला विचारणारं कुत्रं नाही. तो एक डबा आणतो आणि मंत्री भेटायला येतात. जळतो मी. पण नीट ऐका, मी चोरी करीन कशाला? शुक्रवारी समिती स्वतःची उपकरणं घेऊन येणारच होती. चार दिवस गप्प बसलो असतो तर डबा आपोआप उघडा पडला असता, सगळ्यांसमोर. आता काय होणार? रेटा होता पण चोरीला गेला, असं म्हणतील. बिचारा नॉयबर्ट! हुतात्मा! मला तर यात तोटाच झाला."

हाइड्रून केकचा तुकडा तोंडाशी नेता नेता थांबली.

"समिती कसली उपकरणं आणणार होती?"

"तेच, चुंबकाचं क्षेत्र मोजायचं यंत्र वगैरे. त्यांनी यादी पाठवली होती महिन्यापूर्वी. म्हणून तर तो माझ्याकडे आला."

"कोण?"

"नॉयबर्ट. दोन आठवडे झाले. माझं चुंबकमापक मागून नेलं. वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही आणि त्या दिवशी 'फाल्क, प्लीज' म्हणाला. आठ दिवसांनी परत दिलं तर बॅटरी पार रिकामी. रात्रंदिवस चालवलं असणार. आभारही मानले नाहीत."

"काय सापडलं ते सांगितलं?"

"विचारलं मी. म्हणाला, काहीच नाही." रादेमानने शीळ घालायला तोंड केलं आणि घातली नाही. "आत्ता तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं, हाइड्रूनबाई. चेहरा मात्र मयतीला जाऊन आल्यासारखा होता."

५

बुधवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर हाइड्रून एकटीच टाकीसमोर जाऊन उभी राहिली. चुंबक म्हटल्यावर तिचा जीव थोडा खालीवर झाला होता. टाकीच्या आत, तराजूच्या दांडीला, बोटाच्या पेराएवढा एक चुंबक होता. दांडी फार झुलू नये म्हणून तो तिने स्वतः बसवला होता, तराजू बांधताना. त्यावर बाहेरून कशाचा ओढा पडू नये म्हणून तिने भोवती लोखंडाची एकही वस्तू ठेवू दिली नव्हती.

ती टाकीभोवती हळूहळू फिरली. मागच्या बाजूला भिंतीवर वस्तू टांगायचा एक पितळी आकडा होता. आकडा रिकामा होता, आणि त्याच्याखाली भिंतीचा रंग गोल कड्यासारखा उजळ राहिला होता. काही वर्षं तिथे काहीतरी वेटोळं करून टांगलेलं होतं आणि आता नव्हतं. उलिगच्या राज्यात रिकामा आकडा म्हणजे नवलच.

तिने त्याला डबा खाता खाता उठवून आणलं.

"इथे काय होतं?"

"वायर होती. शंकूला वीज देणारी."

"आता कुठाय?"

"भंगारात. विजेच्या भंगाराच्या पेटीत. महिनाअखेर जाईल."

"मिस्त्री, तुम्ही मला म्हणालात काही बदललं नाही!"

"नाहीच बदललं."

"वायर बदलली!"

"ती बदल नव्हे, तपासणी होती," उलिग म्हणाला, आणि एवढं साधं हिला कसं कळत नाही याचं त्याला खरंच आश्चर्य वाटत होतं. "शुक्रवारी तपासनीस आला होता. इमारतीतली प्रत्येक वायर, प्रत्येक प्लग, प्रत्येक दिवा. नियम आहे. या वायरीवरच्या तपासणीच्या चिकटीची मुदत संपून तीन वर्षं झाली होती, तीन! त्याने लाल पट्टी लावली. लाल पट्टीची वायर मी खोलीत ठेवू? मी नवी लावली. बेताच्या लांबीची, दोन्ही तारा एकमेकींत पिळलेली, उत्तम. दीड वाजता काम संपलं. पावती आहे."

"आणि मी विचारलं, कुणी आलं होतं का..."

"तपासनीस म्हणजे कुणी नव्हे, बाईसाहेब. तपासनीस म्हणजे तपासनीस."

हाइड्रूनला हसावं की रडावं कळेना. या देशात दरोडेखोरानेही नियमाची पावती फाडली तर त्याला कुणी पाहिलं नसतं. काखेत कळसा आणि तीन दिवस ती गावभर हिंडत होती.

"एक सांगा. तीन वर्षं मुदत संपलेली. मग तपासनीस मागच्या वेळी काय करत होता?"

"आत येतच नव्हता. दारावर पाटी असायची ना, 'मापन सुरू आहे, आत येऊ नये.' प्राध्यापकसाहेबांनीच लावलेली. तपासनीस दरवर्षी दारातून परत. माझं डोकं फिरायचं."

"आणि या शुक्रवारी?"

उलिगने उरलेल्या पावावर डब्याचं झाकण लावलं. "पाटी नव्हती," तो म्हणाला.

६

भंगाराच्या पेटीतून जुनी वायर निघाली. सोळा मीटर लांब, गरजेपेक्षा तेरा मीटर जास्त. ती जास्तीची लांबी गोल गोल गुंडाळून आकड्याला अडकवलेली असायची, टाकीच्या भिंतीला लागून.

खिळ्याभोवती तार गुंडाळून वीज सोडली की खिळ्याचा चुंबक होतो, हा प्रयोग पाचवीत असतो. नॉयबर्टने तोच प्रयोग केला होता, नकळत, टाकीच्या मागे. शंकूला वीज मिळाली की वेटोळ्यातूनही ती जायची, वेटोळ्याचा चुंबक व्हायचा आणि आतल्या तराजूच्या चुंबकाला अगदी हलकेच ओढायचा. दाण्याएवढा. नव्या वायरीत वेटोळंच नव्हतं, म्हणून रेघ झोपली.

गुरुवारी सकाळी हाइड्रूनने उलिगला ती वायर परत आकड्याला टांगायला सांगितली. लाल पट्टीची वायर लावायची म्हणून तो इतका अस्वस्थ झाला की तिने जबाबदारी स्वतःवर घेत असल्याचं लिहून दिलं. मग तिने इल्काला बोलावलं.

"तुमची रिकामी चाचणी करायची आहे. तेवढीच वीज खाणारं दुसरं काहीतरी हवं."

इल्का क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग जाऊन चहाची किटली घेऊन आली.

शंकूचा प्लग काढला. वायरीचं टोक किटलीला जोडलं. टाकी बंद, सह्यांचे कागद जागच्या जागी, शंकू आत मेल्यासारखा पडलेला. उलिगने बटण दाबलं. किटली गुणगुणायला लागली.

पडद्यावरची रेघ चढली. सप्टेंबरपासून चढत होती तेवढीच, तसूभर कमी नाही की जास्त नाही. पाणी उकळून किटली बंद पडली आणि रेघ खाली आली.

"म्हणजे किटलीसुद्धा अवकाशात जाऊ शकते," उलिग हलकेच म्हणाला. कुणी हसलं नाही. इल्का पडद्याकडे पाठ करून उभी होती.

हाइड्रूनच्या मनात मात्र आता रेटा नव्हता. पाटी कुणी काढली, एवढंच तिला विचारायचं होतं, आणि उत्तर तिने वहीवर बोट ठेवून शोधलं. गुरुवार पाच. मग सोमवार पावणेनऊ. मधे एकही नोंद नाही.

ती तशीच नॉयबर्टच्या खोलीकडे निघाली.

७

नॉयबर्टच्या टेबलावर इल्काला काढून टाकल्याचं पत्र टंकून तयार होतं. फक्त सही राहिली होती.

"अहवाल आणलास?"

"अर्धा. उरलेला तुझ्याकडून हवाय," हाइड्रून खुर्ची ओढत म्हणाली. "वीलांड, रेटा शुक्रवारी दुपारी गेला हे तुला कसं कळलं?"

"म्हणजे?"

"वही बघ. गुरुवारी होता, सोमवारी नव्हता. मधे कुणी मोजलाच नाही. शुक्रवारी रात्री गेला असेल, शनिवारी गेला असेल, रविवारी गेला असेल. पण तू सोमवारी सकाळीच ओरडलास, शुक्रवारी दुपारी म्हणून. वायर शुक्रवारी दीड वाजता बदलली. ते फक्त उलिगला आणि तपासनिसाला माहीत होतं, आणि त्यांना ती चोरी वाटलीच नाही. आणि ज्याने दारावरची पाटी काढून ठेवली त्याला माहीत होतं."

नॉयबर्टने लेखणीचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"मला सुरुवातीलाच कळायला हवं होतं," ती म्हणाली. "रेटा खोटा ठरला तर रादेमानचा फायदा. इल्काचाही, कारण तीच चाचणी मागत होती. माझाही, अरे, माझाही! आम्हा तिघांनाही तो खोटा ठरायला हवा होता. चोरीला जाऊन आम्हाला काय मिळणार? रेटा खोटा ठरण्यापेक्षा चोरीला गेलेला बरा, असा माणूस जगात एकच आहे. रादेमानचं यंत्र आठ दिवस तुझ्याकडे होतं. तुला वेटोळं सापडलं. समितीलाही सापडणार होतं. मग तू एक पाटी काढलीस, बाकीचं काम नियमाने केलं, आणि तू चोर चोर म्हणून बोंब ठोकलीस."

"मी काहीच मोडलं नाही," नॉयबर्ट म्हणाला. त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "एक पाटी काढली. तपासणी होऊ दिली. हा गुन्हा आहे?"

"तो नाही. ते पत्र आहे."

त्याने लेखणी बाजूला ठेवली.

"ऑक्टोबरात ती आली," मग तो म्हणाला. "पोरगीच की. उभ्या उभ्या म्हणाली, रिकामी चाचणी करू या. मी तीन वर्षं त्या खोलीत बसतोय, हाइड्रून, आणि मला ते सुचलं नव्हतं. सुचलं नव्हतं म्हणजे सुचू दिलं नव्हतं. त्या रात्री मला झोप आली नाही. रेटा खोटा असेल म्हणून नव्हे. तिला आधी दिसलं म्हणून. सकाळी उठून मी तिचं नाव खोडलं."

हाइड्रूनला त्याची किळस यायला हवी होती. पण हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं.

"तू काय लिहिणार?" त्याने विचारलं. "नीट विचार कर. चुंबक कुणाचा होता? तराजूच्या दांडीवर चुंबक तू बसवलास. तू खरं लिहिलंस की उद्या माझा शंकू जाईल आणि परवा तुझा तराजू. चौदा वर्षं, हाइड्रून. लोक म्हणतील, क्रेचमारबाईंचा तराजू शेजारच्या वायरीला भुलतो." तो पुढे वाकला. "आणि लिहिलंस, 'अज्ञात व्यक्तीने छेडछाड केली,' तर ते पत्र मी फाडतो. पोरगी वाचली. पुढच्या निबंधात तुझं नाव पहिलं. नॉयबर्टच्याही आधी. तुला तेच हवं होतं ना? वर्तमानपत्राचं ते पान तू रद्दीतून परत काढलंस, मला उलिगने सांगितलंय."

हाइड्रूनची कानशिलं तापली. हो, तिला तेच हवं होतं. पाचएक सेकंद तिने ते नाव पहिल्या जागी छापलेलं पाहूनही घेतलं.

मग तिने टेबलावरचं पत्र उचललं, घडी घातली आणि खिशात टाकलं.

"हे माझ्या अहवालाला जोडते," ती म्हणाली.

८

शुक्रवारी दहाला समिती आली. पाच माणसं, त्यांची उपकरणं, त्यांचे गंभीर चेहरे. नॉयबर्ट आला आणि शेवटच्या रांगेत बसला. हाइड्रूनने अहवाल उभं राहून वाचला. चोरी झालेली नाही. रेटा कधीच नव्हता. तो वायरीच्या वेटोळ्याचा आणि तराजूवरच्या चुंबकाचा ओढा होता, आणि तो चुंबक प्रस्तुत लेखिकेने स्वतः बसवला आहे. पाटी प्राध्यापक नॉयबर्ट यांनी काढली. इल्का पोल यांचा यात काही दोष नाही, उलट योग्य चाचणी त्यांनी ऑक्टोबरातच सुचवली होती. शेवटी तिने एक वाक्य हाताने वाढवलं होतं: प्रस्तुत लेखिकेला प्राध्यापक नॉयबर्ट यांचा अनेक वर्षं हेवा वाटत आला असून वाचकांनी ते लक्षात घेऊन हा अहवाल तपासावा.

समितीने तपासला. किटली तीन वेळा उकळली. तिन्ही वेळा रेघ चढली. रादेमान दारात उभा राहून बघत होता. त्याला शीळ घालायचं सुचलं नाही. थोड्या वेळाने तो आपल्या शिडाकडे निघून गेला.

दुपारी एकनंतर इमारत रिकामी झाली. हाइड्रून कोट घालून निघाली तेव्हा जिन्यावर इल्का बसलेली दिसली. ती रडत होती. लपवायचा प्रयत्नही करत नव्हती.

"अहो, सुटलात तुम्ही," हाइड्रून तिच्याशेजारी बसत म्हणाली. "नोकरी राहिली, नाव परत मिळेल. आता कशाला रडताय?"

"मी चोर ठरले असते तर बरं झालं असतं, बाई."

"वेडबिड लागलंय का?"

"खरंच. निदान चोरायला काहीतरी होतं, असं तरी झालं असतं."

हाइड्रूनला उमगेना. "पण चाचणी तर तुम्हीच मागत होतात! तीन-तीनदा!"

"हो. मला वाटत होतं शंकू काढला की रेघ झोपून राहील." इल्काने बाहीने नाक पुसलं. "मग कुणाला हसता आलं नसतं ना. प्राध्यापकसाहेबांनाही नाही, रादेमानना नाही, तुम्हालाही नाही. मी त्यांना खोटं पाडायला मागत नव्हते. खरं ठरवायला मागत होते."

हाइड्रूनला आता उमगलं. नॉयबर्टने त्या मागणीत आपल्या पुढे जाणारी प्रतिस्पर्धी पाहिली होती. तिने स्वतः त्यात आपल्यासारखीच जळणारी एक बाई पाहिली होती. दोघांनाही आपापलं पोट दुखतंय तेच दिसलं. पोरीला फक्त इंधनाशिवाय दूर कुठेतरी जायचं होतं.

हाइड्रूनने चौदा वर्षं तराजू बांधला होता, पन्नास लोकांचे दावे त्यावर मोजून खोटे पाडले होते, आणि त्यातला एकही खरा निघावा असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"चला," ती शेवटी म्हणाली, "मी तुम्हाला स्टेशनपर्यंत सोडते." इल्का उठली, डोळे पुसले, आणि जिना उतरता उतरता बोलायला लागली, की चुंबक काढून, वायर पिळून, तराजू नव्याने बांधला तर कदाचित याच्याहून हजारपट बारीक काहीतरी सापडेलही, कोण सांगावं. तिचे गाल अजून ओले होते. हाइड्रून ऐकत चालली होती. तिला त्या पोरीचा हेवा वाटत होता, आणि या वेळी त्यात वीलांड कुठेच नव्हता.